काटाघराची खिडकी

मॅडमनं दोन आखीव कागद दिले
आणि म्हटलं, पाहिलं तेवढंच लिहा निखाडे,
वाटलं ते नको.

म्हणून लिहितो:
मी, हरिदास नत्थूजी निखाडे, वय एक्केचाळीस,
जिनिंगच्या काट्यावर अकरा हंगामांपासून.
काटाघराला खिडकी एक, गज सात.
समोर कापसाची गंजी, गंजीच्या अलीकडे
फुलवंता सोयाम, डोक्यावर टोपलं.
वेळ दुपारी तीन वाजून बारा मिनिटं
(वेळ माझी नाही, पावतीवरची आहे).

सुपरवायझर काळबांडे तिच्या अंगावर धावून गेले.
खोडलं.
अंगावर धावून जाणं कुणी पाहत नाही,
ते मागाहून ठरतं.
काळबांडे चार पावलं चालले, भराभर.
'भराभर'ही खोडलं.
चार पावलं.

बोलणं मात्र जसंच्या तसं हवं होतं
आणि तिथं माझी शाळेतली मराठी थांबली.
"किती खेपा सांगतलं वं तुले, कवडी येगळी काढ म्हनून!"
मॅडम म्हणाल्या, शुद्ध करून घ्या.
शुद्ध करून पाहिलं:
'मी तुला अनेकदा सूचना दिल्या होत्या.'
असं त्या दिवशी कोणीच कोणाला बोललं नव्हतं.
होतं तसंच ठेवलं, पुढच्या शिवीसकट.

मग ट्रॉली आली.
मारेगावकडची, एमएच एकोणतीस,
भरलेलं वजन एकोणसाठ क्विंटल चाळीस.
खिडकीभर कापूस.
गजांमागे पांढरं, पांढरं, पांढरं,
पुढे ट्रॅक्टरवर कसलंसं गाणं.

ट्रॉली सरली तेव्हा फुलवंता खाली होती,
टोपलं उपडं,
आणि काळबांडेंचा उजवा हात
अजून खांद्याच्या उंचीवर.
कोणाच्या खांद्याच्या, मॅडमनं विचारलं.
तिच्या. ती उभी असती तर.

आदल्या रात्री दिवाणजी चहा पिऊन गेले होते:
पाय घसरला लिहून टाक, सरकी सांडलेली असतेच.
दिवाणजी गेले आणि फुलवंताची जाऊ आली,
दारातच उभी राहिली.
"भाऊ, ढकललं म्हना. तुमाले का ठाऊक नाई?"
ठाऊक आहे.
पण वकील विचारेल,
कापसाच्या आरपार दिसतं का हो निखाडे तुम्हाला?
मग ती चार पावलंही खोट्यात जमा होतील,
तो हातही.

रोज पहिल्या गाडीआधी मी काटा शून्यावर आणतो.
कधी रिकाम्या काट्यावर वीस किलो दिसतात.
बाहेर जाऊन बघावं तर कुत्रं झोपलेलं.
हाकललं की झालं.
माझा पासंग असा हाकलता येत नाही:
काळबांडेंनी पोरीच्या ॲडमिशनला तीन हजार दिले होते,
फेडले, तरी.
आणि फुलवंता जाता-येता विचारते,
जेवलात का भाऊ.

शेवटचा परिच्छेद कोणी मागितला नव्हता.
'फुलवंता सोयाम स्वतःच उठली.
दोन बायांनी टोपलं सावरलं.
मी रिकाम्या वजनासाठी ट्रॉली परत यायची वाट पाहत
खुर्चीवर बसून होतो.'

हे चौकशीत येत नाही, मॅडम म्हणाल्या.
मी म्हटलं, पाहिलेलं आहे.
पेनाचं टोपण हातात धरून त्या जरा वेळ थांबल्या,
मग म्हणाल्या, बरं, खाली सही करा.

ट्रॉली तीन चौपन्नला परत आली.
रिकामं वजन पस्तीस क्विंटल दहा.
पावती सोबत जोडली आहे.